बऱ्या माणसांचा वॉर्ड

सिस्टरांची एक सवय होती. तुम्ही त्यांच्यासमोर काही लिहायला लागलात की त्या तुमच्या हातातलं पेन अलगद काढून घ्यायच्या, त्याला टोपण लावायच्या आणि ते तुमच्याच खिशात परत खोचायच्या. मग म्हणायच्या, "कागद राहू दे. चल, दाखवते."

समोरचा डॉक्टर आहे की विश्वस्त, हे त्या बघत नसत. माझं पेन तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं.

रत्नागिरीहून भाट्याची खाडी ओलांडली की वर सड्यावर, कातळाच्या पठारावर, एका विश्वस्त संस्थेचं लहानसं मनोरुग्णालय आहे. मी तिथे लागलो तो आराखडे करायला. संस्थेला पुढच्या पाच वर्षांची आखणी हवी होती. खाटा किती ठेवायच्या, किती कमी करायच्या, तालुक्याच्या गावी बाह्यरुग्ण तपासणी कुठे सुरू करायची, डॉक्टर किती दिवसांनी पाठवायचा. मी संख्याशास्त्र शिकलेला माणूस. मला वाटलं होतं, खाटा म्हणजे खाटा. दाखल किती झाले, बाहेर किती गेले, सरासरी मुक्काम किती, एवढं कळलं की उत्तर आपोआप येतं.

बायकांच्या दीर्घ मुक्कामाच्या वॉर्डात मात्र गणित अडलं. सरासरी मुक्काम दिवसांत यायच्या ऐवजी वर्षांत येत होता. मी तक्ता तपासला. सात नंबरच्या खाटेची दाखल तारीख बघितली आणि ती पिवळ्या रंगाने रंगवून ठेवली. मी चुका पिवळ्या करतो. मग त्या वॉर्डच्या परिसेविका कोण म्हणून विचारत सिस्टरांकडे गेलो.

"सिस्टर, ह्या तारखेतलं वर्ष चुकलंय. टाइप करताना कुणीतरी गोंधळ केलाय. बरोबर वर्ष सांगा, मी लिहून घेतो."

त्यांनी पेन काढून घेतलं.

वॉर्डाच्या मागच्या पडवीत एक बाई भिजवलेले वाल सोलत बसली होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, केस नीट विंचरलेले, समोर परात. सिस्टर म्हणाल्या, "सुलभा, तुझी तारीख चुकलीय म्हणतो हा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हातातला वाल सोलून परातीत टाकला. "नाही हो. बरोबर आहे. शिमग्यानंतर आणलं मला. मुलगा दीड महिन्याचा होता. आता सत्तावीस पूर्ण झाली त्याला."

त्या वर्षी मी बालवाडीत होतो. मी बालवाडीतून शाळेत, शाळेतून कॉलेजात, नोकरीत, लग्नाच्या बोहल्यावर जाऊन आलो होतो आणि ही बाई तेवढा सगळा काळ सात नंबरच्या खाटेवर होती. मी विचारलं, "आजार काय?"

"होता," सिस्टर म्हणाल्या. "बाळंतपणानंतर झालेला. दोन वर्षांत गेला."

"मग घरी का नाही गेल्या?"

सिस्टरांनी मला आत नेलं. एकेका खाटेच्या पायथ्याच्या दांडीला हात लावत त्या चालत गेल्या. "ही आजारी. ही बरी. ही पण बरी. ही बरी, गोळी चालू आहे. ही आजारी, हिला जपावं लागतं." अठरा खाटा संपल्या तेव्हा माझ्या मनातली मोजणी नऊवर आली होती. नऊ बायका बऱ्या होत्या. माझ्या तक्त्यात तो वॉर्ड पूर्ण भरलेला होता, आणि भरलेला वॉर्ड म्हणजे आमच्या हिशेबी खाटा वाढवायला हव्यात. बऱ्या माणसांसाठी इस्पितळात खाटा वाढवा, असं मी दोन दिवसांत लिहून देणार होतो.

सिस्टर मूळच्या बुरोंडीच्या. घरची होडी, भाऊ दर्यावर जाणारा. आवाज बंदरावरचा. लिलावात मासळीचा भाव पुकारावा तशा त्या औषधांच्या वेळा पुकारायच्या. पण आजारी माणसाशी बोलताना तोच आवाज इतका खाली यायचा की पलीकडच्या खाटेला ऐकू जाऊ नये. मदतनीस म्हणाली, "सिस्टर, सात नंबरला चहा देऊ?" की ह्या म्हणायच्या, "सात नंबर चहा पीत नाही. ती लोखंडाची आहे. सुलभा पिते, तिला दे." मला त्यांनी नाव ठेवलं होतं 'आराखडा'. "ए आराखडा, जेवलास का?" असं लांबून ओरडायच्या. नवीन रुग्णांचे नातेवाईक चमकून बघायचे. त्यांना वाटायचं, हा बिचारा इथलाच.

एकदा दुपारी फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. लांज्याच्या बाजूचा. मागे चार पुरुष आणि मधोमध एक वीस-बावीस वर्षांची मुलगी, हातपाय सुंभाने बांधलेले. तीन दिवस जेवली नव्हती, झोपली नव्हती. ओरडून ओरडून घसा गेला होता, नुसते ओठ हलत होते. बांधून आणलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "दाखल करायलाच हवं. पण खाट नाही."

सिस्टर टेम्पोवर चढल्या. तुमच्या-माझ्यासारखा माणूस आधी दोर सोडायला धावला असता. त्या आधी मुलीच्या शेजारी फळीवर बसल्या, तिच्या कपाळावरचे केस मागे केले, काहीतरी बोलल्या आणि मग एक गाठ सोडली. पुन्हा थोडं बोलल्या, दुसरी गाठ सोडली. चारी गाठी सुटेपर्यंत ते चार पुरुष खाली मान घालून उभे होते.

खाटेचं काय करायचं, हे कुणालाच कळत नव्हतं. तेवढ्यात आवाज ऐकून पडवीतून आलेल्या सुलभाताई म्हणाल्या, "माझी द्या. मी खाली निजते. मला काय झालंय?"

मुलगी सात नंबरवर झोपली. सुलभाताईंनी चटई घेतली. संध्याकाळी सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बरी माणसं खाटा अडवून बसल्येत आणि आजारी माणूस टेम्पोत. तुझ्या आराखड्यात हे कुठल्या रकान्यात बसतं रे?"

मी म्हटलं, "बसत नाही."

"मग रविवारी मोटरसायकल घेऊन ये. सुलभाच्या घरी जाऊ."

बऱ्या झालेल्या बायका घरी पोचवायच्या, खाटा मोकळ्या करायच्या, हे संस्थेच्या मनातही होतंच. घर नाही एवढ्याच कारणाने कुणाला इस्पितळात ठेवू नये, असं कायदाही सांगतो. पण पत्रांना उत्तरं येत नव्हती आणि प्रत्यक्ष जाऊन बघणारं कुणी नव्हतं.

रविवारी जयगडच्या फेरीबोटीने आम्ही खाडी ओलांडली. सिस्टर मागे बसलेल्या, मांडीवर डबा, आणि दर खड्ड्याला "मेल्या, माझी हाडं मोजतोयस की काय?" घर वेळणेश्वरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. अंगणाभोवती चिऱ्याचा गडगा, चार पोफळी, सारवलेलं खळं. खळ्यात एक तरुण पाण्याचा पंप खोलून बसला होता. मी त्याचं तोंड बघितलं आणि ओळखलं. सुलभाताईंचंच नाक, त्यांचीच रुंद जिवणी.

सिस्टर एवढंच बोलल्या, "रत्नागिरीहून आलोत. दवाखान्याच्या कामाला." पडवीत बसलेला साठीचा गृहस्थ उठून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. आतून एक बाई पाणी आणि गूळ घेऊन आली. चांगली, हसऱ्या चेहऱ्याची बाई. "उन्हातून आल्यात. बसा हो."

मी तांब्या तोंडाला लावला आणि समोरच्या भिंतीकडे माझी नजर गेली. लग्नातला फोटो मोठा करून लावलेला. फोटोला चंदनाचा हार. फोटोत सुलभाताई.

पाणी माझ्या नाकात गेलं. मी खोकत राहिलो.

"ह्या कोण?" सिस्टरांनी विचारलं. अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं.

"आई माझी," पंपावरून मान न उचलता मुलगा म्हणाला. "मी झालो तेव्हाच वारली."

"ह्यांची पहिली," ती बाई म्हणाली. "मी नंतर आल्ये. दर वर्षी अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला घालत्ये मी तिच्या नावाने. अजून चुकवलं नाय."

मी सिस्टरांकडे पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील, असं मला वाटत होतं. विश्वस्तांचंही पेन काढून घेणारी बाई. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, वर पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं. निघतो आम्ही."

गृहस्थ गडग्यापर्यंत आमच्या मागे आला. "तेव्हा सगळे बोलले, ही आता बरी व्हायची नाय. पोर तान्हं. मी काय करायला हवं होतं?"

"दोन वर्षांत बरी झाली ती," सिस्टर म्हणाल्या. "पत्रं पाठवली होती आम्ही."

"आली होती."

"वाचलीत?"

तो गडग्यावरचा एक सुटा चिरा उगीच हलवत राहिला. "पहिलं वाचलं. तवर ही घरात आलेली. पोराला हीच आई ठाऊक. पुढची परत पाठवली."

फेरीबोटीवर मी तोंड सोडलं. म्हटलं, सिस्टर, तुम्ही गप्प कशा बसलात? जिवंत बाईच्या फोटोला हार, तिच्या नावाने सवाष्णी जेवतायत आणि तुम्ही गूळपाणी घेऊन उठलात? लोक बघायला लागले. सिस्टर पाण्याकडे बघत होत्या.

"माझ्या जिभेवर आलं होतं," त्या म्हणाल्या. "पण ती मेली की जिवंत, हे तिथे मी कोण सांगणार? आधी तिला विचारू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत त्यांनी सुलभाताईंना सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, काही जोडलं नाही. मी खांबाशी उभा होतो. मला वाटलं होतं, ती बाई कोसळेल. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं. सुलभाताई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "फोटो कुठला?"

"लग्नातला."

"त्यात डोळे मिटलेत माझे. दुसरा चांगला होता." त्यांनी पदर सारखा केला. "आणि सवाष्णीला काय वाढते ती?"

सिस्टर अडखळल्या. त्यांना अडखळताना मी तेवढं एकदाच पाहिलं. "ते विचारायचं राहिलं गो."

आठ दिवस सुलभाताई कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. सिस्टरांनीही विचारलं नाही. नवव्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "त्याला सांगा. न्यायला ये म्हणू नका. नुसतं सांगा."

सिस्टर ह्या वेळी एकट्या गेल्या, एसटीने. मुलगा जयगडच्या बाजूला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, तिथे गाठलं. काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि मग तो कुठे ठेवला ते त्याला सापडेना. समोर होता तरी."

महिना गेला. कुणी आलं नाही. मग एका गुरुवारी फाटकाशी मोटरसायकल थांबली. मुलाच्या मागे त्या घरातली हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. मुलगा नुसता गाडी धरून उभा राहिला. आत तिनेच त्याला आणलं. नंतर कळलं, घरात रडारड झाली होती, गृहस्थ जेवायचा थांबला होता, आणि शेवटी हिनेच सांगितलं होतं की मला तिला बघायचंय, मी कुणाच्या जागेवर आल्ये ते.

ती भेट मी जन्मात विसरणार नाही. मुलगा समोरच्या बाकावर बसला. त्याने हात जोडले, जसे पाहुण्यांना जोडतात. म्हणाला, "तुम्ही कशा आहात?"

आणि आईने मुलाला उत्तर दिलं, "बरी आहे. तुम्ही कसे आहात?"

आपल्या भाषेत आईला कुणी 'तुम्ही' म्हणतं का? पण त्याला दुसरं काय म्हणणार? 'अगं' म्हणायला आधी काहीतरी घडलेलं असावं लागतं. त्यांच्यात काहीच घडलेलं नव्हतं.

ती बाई मात्र जवळ जाऊन बसली. पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. तांदळाची खीर आणि वडे. "ताई, इतकी वर्षं तुमच्या नावाने लोकांना वाढलं," ती म्हणाली आणि डबा पुढे सरकवला. सुलभाताईंनी वडा मोडला, खिरीत बुडवून खाल्ला, आणि म्हणाल्या, "वेलची जरा जास्त पडते तुझ्या हातून." दोघी हसल्या. मग दोघी रडल्या. सिस्टर पाठमोऱ्या होऊन कुणाच्यातरी उशीचा अभ्रा बदलायला लागल्या. तो सकाळीच बदललेला होता.

त्या घरी सुलभाताईंना जागा नव्हती. हे सगळ्यांनाच दिसत होतं. मुलगा दर महिन्याला यायला लागला, तेवढंच. पण त्या दिवसानंतर माझा आराखडा पार बदलला. खाटा कमी करायच्या, हे बरोबर होतं. पण बरी माणसं घरी जातील, हे आम्ही गृहीत धरलं होतं आणि घरं भरून गेली होती. सिस्टर आणि मी बाकीच्या आठ जणींचीही घरं शोधत फिरलो. तिघींना नात्यातल्या कुणीतरी नेलं. सहा जणी उरल्या. त्यांच्यासाठी गावात एक भाड्याचं घर घ्यायचं, त्यांनी तिथे आपापलं रांधून खाऊन राहायचं, आठवड्यातून एकदा नर्सने जाऊन यायचं, आणि मोकळ्या झालेल्या खाटा टेम्पोतून येणाऱ्यांसाठी ठेवायच्या, असा प्रस्ताव मी लिहिला. सिस्टरांनी तो वाचला. ह्या वेळी पेन काढून घेतलं नाही.

विश्वस्तांच्या बैठकीत अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. दर दिवाळीला वॉर्डात स्वतः फराळ वाटायचा. तो म्हणाला, "कल्पना चांगली आहे. पण सहा बायका एकट्या? घरात गॅस आहे, विळी आहे. उद्या काही झालं म्हणजे? मला चुकीचं समजू नका, पण एकदा इथे दाखल झालेल्या माणसाचा पुढे भरवसा देता येत नाही."

टेबलाच्या कडेला बसलेल्या सिस्टर म्हणाल्या, "मी दाखल झाले होते."

अध्यक्ष हसला. "तुम्ही नोकरीला लागलात, सिस्टर. तीस वर्षं होत आली."

"त्याच्या आधी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. कानात बोलणं ऐकू यायचं, तीन महिने. मग इथे आणलं. खिडकीकडची खाट. चार महिने होते." त्यांचा आवाज तोच होता, आजारी माणसाशी बोलतानाचा, खाली आलेला. "जुन्या डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांनीच पुढे शिकायला लावलं आणि इथे घेतलं. ते गेल्यावर सांगावंसं वाटलं नाही."

एकाच्या हातातला बटाटेवडा बशी आणि तोंड ह्यांच्या मध्येच राहिला.

"माझ्यात आणि सुलभात फरक एवढाच," त्या म्हणाल्या, "मला न्यायला भाऊ आला."

प्रस्ताव तिथल्या तिथे मंजूर झाला. तुम्हाला वाटेल, आता सगळं गोड झालं. मलाही वाटलं. तीन दिवसांनी सिस्टरांना पत्र आलं. अतिशय सभ्य भाषेत. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांनी दुसऱ्या परिसेविकेकडे द्यावी आणि तोवर चादरी-कपड्यांच्या कोठीचं काम बघावं. मनोरुग्णालयातच. जिथे आम्ही रोज लोकांना सांगतो की आजार बरा होतो.

मी ते पत्र तीनदा वाचलं. मला राग आला, लाज वाटली, मी अध्यक्षांकडे जाऊन भांडलोही. पण खरी गोष्ट सांगायची तर ती वेगळीच आहे आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सिस्टर नेहमीप्रमाणे माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. रोज आणायच्या. कप समोर ठेवला. मी हात पुढे केला आणि कपाशी थांबलो. क्षणभर. त्या चहात बघितलं. काय बघत होतो ते मलाही सांगता येणार नाही. दीड वर्ष मी त्यांच्याबरोबर फिरलो होतो, त्यांच्या डब्यातलं जेवलो होतो, त्यांना देव मानायचं तेवढं बाकी होतं. आणि माझा हात थांबला.

त्यांनी ते पाहिलं. कप उचलला, त्यातला एक घोट स्वतः घेतला, पुन्हा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "पी."

मी प्यायलो. सगळा, गरमच. जीभ भाजली. माफी मागायची वेळ त्यांनी येऊच दिली नाही. जाताना दारातून म्हणाल्या, "होतं रे. माझ्या आईचाही हात वर्षभर थांबायचा."

तपासणीत अर्थातच काही निघालं नाही. किल्ली परत द्यायला माणूस आला तेव्हा सिस्टर कोठीत चादरींच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, "राहू दे तिच्याकडेच. ती नीट देते औषधं." सेवेची थोडी वर्षं उरली होती, ती सोडून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

घराचं काम मात्र अडलं होतं. रत्नागिरीत रिकामी घरं पुष्कळ, पण कुणासाठी ते कळलं की मालकांचे पाहुणे अचानक मुंबईहून राहायला यायचे. सात-आठ ठिकाणी नकार मिळाला. शेवटी एक दिवस सिस्टरांचा फोन आला, "ए आराखडा, घर मिळालं. माझ्या नावावर घेतलंय. निवृत्त नर्सला कोण नाही म्हणतो? मालकाला सांगितलं, सोबत सहा बहिणी असतील. तो बोलला, एवढ्या? मी बोलले, कोकणात मुलगे मुंबईला जातात, बहिणी उरतात."

अशा त्या सात जणी भाट्याच्या रस्त्याला त्या कौलारू घरात राहायला गेल्या. मालकाला पुढे कळलंच. तोवर त्याच्या बायकोचं ह्या सात जणींच्या हातच्या कोकम सरबताशिवाय चालेनासं झालं होतं. पहिल्या वर्षी कुणी दचकून उठायचं, कुणी बाजारात वाट चुकायचं. एकीला पुन्हा आजाराने धरलं, पंधरा दिवस वॉर्डात राहून ती परत घरी आली. वॉर्डातल्या मोकळ्या खाटांवर खरोखर आजारी माणसं येऊन, बरी होऊन जाऊ लागली. माझा सरासरी मुक्काम दिवसांत आला.

दोन वर्षं आणि वर काही महिने. मग गेल्या मार्गशीर्षात, दुपारी अडीचला, सुलभाताईंचा फोन आला. आवाज स्थिर होता. "सिस्टरांच्या छातीत दुखलं. जेवून उठल्या होत्या. रुग्णवाहिकेला फोन केलाय, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावून आणायला एक जण गेलीय, त्यांच्या भावाला बुरोंडीला कळवलंय. तुम्ही या."

मी पोचलो तेव्हा फाटक सताड उघडं ठेवलेलं होतं. रुग्णवाहिका आत येऊ शकावी म्हणून अंगणातल्या कुंड्या बाजूला ओढल्या होत्या. गॅस बंद केलेला. माजघरात सिस्टरांना सतरंजीवर सरळ निजवलं होतं, ब्लाउजची बटणं सोडली होती, एक जण पायाशी, एक उशाशी. कुणी किंचाळत नव्हतं. सुलभाताई दोन्ही तळवे सिस्टरांच्या छातीवर ठेवून दाबत होत्या, मोजत होत्या, दाबत होत्या. सिस्टरांनीच कधीतरी शिकवलं असणार. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्या थांबत नव्हत्या.

डॉक्टर आले. वाकले, नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी टाकली. सुलभाताईंच्या हातांवर हात ठेवून त्यांना थांबवलं. मग उठून उभे राहिले आणि खोलीभर बघितलं. खोलीत सहा बायका आणि पॅंट-शर्टातला मी.

"घरचं कोण आहे?" त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं.

मी एक पाऊल पुढे टाकलं होतं.

"आम्ही," सुलभाताई म्हणाल्या. श्वास लागलेला, पदराने तोंड पुसत त्या उठल्या. बाकीच्या पाच जणी त्यांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले आणि जे सांगायचं ते त्यांनी त्यांना सांगितलं.

मी पाऊल मागे घेतलं.